बिब्याला रामराम

"यंदाच्या हिवाळ्यात," वामनराव महाजनांनी मागच्या दारात उभे राहून, तापीच्या दिशेला तोंड करून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, "या घरात एकही शिंक ऐकू येणार नाही!"

इतकी ठाम घोषणा नव्या राज्याच्या स्थापनेच्या दिवशीही बऱ्हाणपुरात कोणी केली नव्हती. ती ऐकून स्वयंपाकघरातून सुनंदाबाईंनी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते मात्र वामनरावांना कळले नाही, कारण थंडीविरुद्धच्या मोहिमेचा पहिला भाग म्हणून त्यांनी त्याच सकाळी दोन्ही कानांत कापसाचे चांगले लिंबाएवढे बोळे बसवले होते. बायकोचे ओठ हलले एवढे दिसले. संसाराच्या एकवीस वर्षांच्या अनुभवावरून त्यांनी तो पाठिंबा समजून मनात नोंदवून घेतला आणि ते छाती भरभरून गार वारा घेऊ लागले.

साल होते छप्पन्न. नोव्हेंबरच्या एक तारखेला माणसे झोपेतून उठली तेव्हा नागपूर दुसऱ्या राज्यात गेले होते आणि राजधानी भोपाळला. बऱ्हाणपूर होते तिथेच होते, पण ही गोष्ट कागदांच्या लक्षात येईना. कचेरीतून नागपूरला गेलेली पत्रे 'हे प्रकरण आता आमच्याकडे नाही' असा शेरा घेऊन परत येत आणि भोपाळला गेलेली 'हे प्रकरण अजून आमच्याकडे नाही' असा शेरा घेऊन. हे दोन्ही शेरे तारखेनिशी नोंदवण्याचे काम वामनरावांकडे होते. ते आवक-जावक कारकून होते. गेल्या सोळा वर्षांत त्यांच्या टेबलावरून गेलेला एकही कागद हरवला नव्हता. तो कुठे आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक असे, हा भाग वेगळा.

आणि एके दिवशी ते परिपत्रक आले. नव्या राज्यातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे सर्व्हिस बुक माणसाशी ताडून पाहायला जानेवारीत भोपाळहून साहेब येणार होते. जो त्या दिवशी गैरहजर किंवा आजारी असेल त्याचे नाव 'शेष' यादीत जाणार आणि शेष यादीतल्यांना राज्यात जिथे जागा रिकामी असेल तिथे पाठवणार.

"जिथं जागा रिकामी म्हणजे कुठं?" वामनरावांनी हेडक्लार्क गजाननरावांना विचारले.

गजाननराव काही बोलायच्या आतच पट्टेवाला दगा बोलला. दगाला कचेरीत बावीस वर्षे झाली होती आणि गुप्त बातम्या त्याच्याकडे साहेबाच्या आधी येत.

"भिंड म्हन्तेत, बाबूजी. तिथं सकाळी बादलीतलं पाणी आधी फोडा लागते, मंग न्हा लागते."

वामनरावांची थंडीशी जुनी दुश्मनी होती. गेले तीन जानेवारी त्यांनी अंथरुणात काढले होते. आणि त्यांची शिंक म्हणजे साधीसुधी नव्हे. आधी ओंगण न घातलेल्या गाडीच्या चाकासारखा एक लांब आवाज येई. मग शांतता. त्या शांततेत सगळी कचेरी लेखण्या थांबवी, दगा पाण्याच्या ग्लासवर तळहात ठेवी आणि गजाननराव उडण्याजोग्या कागदांवर दोन्ही कोपरे टेकवीत. मग व्हायचे ते होई. समोरच्या रस्त्यावरचा टांगेवाला नुसत्या आवाजावरून सांगे, "महाजनबाबू आज आलेत."

तेव्हा घोषणेमागे जीवनमरणाचा नाही तरी बऱ्हाणपूर-भिंडाचा प्रश्न होता. त्यातच एका औषधाच्या जाहिरातीत वामनरावांना 'प्रतिकारशक्ती' हा शब्द भेटला आणि तो त्यांना इतका आवडला की ते तो जेवताना, दाढी करताना आणि भाजीवाल्याशी बोलतानाही वापरू लागले. शरीर हे एक कार्यालय आहे, असे त्यांचे मत बनले. रोगजंतू म्हणजे आवक. ती दारातच नोंदवून परत पाठवली पाहिजे.

ही बातमी आळीत पसरायला वेळ लागला नाही, आणि सल्ल्यांना तर त्याहून कमी लागला.

पहिला सल्ला शेजारच्या शालिग्रामचा. त्याचे किराणा दुकान होते आणि पुतण्या नेपानगरच्या कागद कारखान्यात होता. "वामनभाऊ, औषधबिवषध सोडा. कोटाच्या आत कोरा कागद घाला. छातीवर चार घड्या, पाठीवर चार. हवा पासच नहीं होणार." आणि पुतण्याने आणलेल्या तुकड्यांचा एक भारा त्याने देऊनही टाकला. त्या दिवसापासून वामनराव चालताना पिकल्या पानांतून बैल गेल्यासारखा आवाज येऊ लागला. कचेरीत ते खुर्चीत टेकले की गजाननराव दचकून विचारीत, "कुठली फाइल पडली?"

मागचे दार उघडे ठेवून रोज सकाळी अर्धा तास ताजी हवा घेणे, हा कार्यक्रम मात्र वामनरावांचा स्वतःचा होता. त्यात त्यांनी कोणाचाही सल्ला घेतला नव्हता. सुनंदाबाई त्या अर्ध्या तासात चुलीजवळून काहीतरी बोलत असत. समोर येऊन मोठ्याने बोललेलेच तेवढे कापसातून ऐकू येई, म्हणून वामनराव नुसती मान डोलवीत.

पण खरे वळण आणले ते गोदाबाईंनी. गोदाबाई म्हणजे पलीकडच्या घरातल्या सत्तरीच्या म्हाताऱ्या, माहेर निंबोल्याचे. त्यांना आयुष्यात कधी सर्दी झाली नव्हती, आणि ज्यांना होई त्यांच्याकडे त्या नापास झालेल्या मुलाकडे पाहावे तशा पाहत.

"हिवायात लाडू खात नाही का, वामनभाऊ?"

"खातो की. डिंकाचे करते ही दरवर्षी."

"गोडंबी घालते का?"

सुनंदाबाईंनी कबुली दिली, की गोडंबी घालत नाहीत.

गोदाबाईंनी कपाळावर हात मारला. "गोडंबीबगर लाडू? अरे, ते त नुसतं गूळ-खोबरं! अंगात गरमी कुठून येईन? तीन वर्सं अंथरुनात काहून पडला मानूस, ते आता समजलं मले."

गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर. बिबा म्हणजे तेच काळे, टणक फळ, ज्याच्या चिकाने परीट कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करतात. शालिग्रामच्या दुकानात फोडलेली, निवडलेली गोडंबी बरणीत भरलेली होती. कोणताही समजूतदार माणूस तिथून घेऊन मोकळा झाला असता. पण वामनराव सोळा वर्षे आवक-जावक सांभाळत होते. मूळ प्रत पाहिल्याशिवाय नकलेवर सही करायची नाही, हे त्यांचे व्रत होते. बरणीतली गोडंबी ही नक्कल होती. ती कोणत्या बिब्यातून, कोणत्या तारखेला, कोणाच्या समक्ष निघाली याचा पुरावा नव्हता.

"मला अख्खे बिबे पाहिजेत," ते म्हणाले. "मी स्वतः फोडीन."

शालिग्राम बरणीचे झाकण हातात धरून पाहतच राहिला. "भाऊ, बिबा उततो."

"कोणाला उततो?"

"ज्याले उतायचा असतो त्याले," शालिग्राम म्हणाला. याहून स्पष्ट सांगणे त्याला जमले नाही.

दोन दिवसांनी निंबोल्याहून भागाबाई पोतडीभर बिबे घेऊन आली. बिबे फोडणे हेच तिचे काम. हातांना तेल लावायचे, वर राख चोळायची, तोंड फडक्याने बांधायचे, मग दगडावर बिबा उभा धरून एक टोला. गर अलगद बाहेर आणि चिकाचा थेंब अंगावर नाही. "मी देते ना फोडून, बाबूजी," ती म्हणाली. "घंटाभरचं काम."

वामनरावांनी तिला समजावून सांगितले, की ज्याने कागद नोंदवायचा त्यानेच तो उघडला पाहिजे. भागाबाईने सुनंदाबाईंकडे पाहिले, सुनंदाबाईंनी आढ्याकडे. मग भागाबाई पोतडी ठेवून निघून गेली.

गोदाबाईंनी मात्र शेवटचा प्रयत्न केला. "फोडतोच आहे त फोड बापा. पन आंधी त्याले रामराम कर. बिबा लय मानी राह्यतो. रामराम केला त सोडून देतो, नाही केला त उततो. माह्या बापानं जल्मभर केला, एक फोड नाही आला."

वामनराव हसले. राजपत्रित अधिकाऱ्याखेरीज कोणाला स्वतःहून नमस्कार करायची त्यांची पद्धत नव्हती, आणि बिबा कोणत्याही राजपत्रात नव्हता.

रविवारी सकाळी ते मागच्या अंगणात दगड-वरवंटा घेऊन बसले. हातांना तेल नाही, राख नाही. तेलाने हात निसरडे होतात आणि राख अस्वच्छ असते, असे त्यांचे शास्त्र होते. पहिला बिबा उडून गोदाबाईंच्या तुळशीत गेला. दुसरा फुटला तो गरासकट फुटला. तिसऱ्यापासून हात बसला. मधूनमधून घाम यायचा, तो ते हाताने पुसत. कानातला बोळा सरकायचा, तो बोटाने आत दाबत. नाक खाजायचे, ते खाजवत. चाळिसाव्या बिब्याला वाटीत मूठभर गोडंबी जमली आणि तिच्याकडे पाहून त्यांना दुसरे सर्व्हिस बुक मिळाल्याचा आनंद झाला.

सोमवारी ते उठले तेव्हा त्यांना वाटले, अजून उजाडलेच नाही. मग लक्षात आले, की उजाडले आहे, डोळेच उघडत नाहीत.

सुनंदाबाईंनी आरसा समोर धरला. एका फटीतून वामनरावांनी पाहिले. आरशात एक गृहस्थ होते. त्यांचे गाल चतुर्थीच्या मोदकांसारखे फुगले होते, नाक गालांत बुडाले होते आणि जिथे जिथे बोट लागले होते तिथे तिथे काळेभोर ठिपके उमटले होते.

"हे कोण?" वामनरावांनी विचारले.

"प्रतिकारशक्ती," सुनंदाबाई म्हणाल्या. हे उत्तर मात्र त्यांना कापसातूनही ऐकू आले.

गोदाबाई धावत आल्या. "मी म्हनत होती का नाही! मानी राह्यतो तो!" आणि त्यांनी घराचा कारभार ताब्यात घेतला. लोण्याचे लेप. ओले खोबरे वाटून त्याचे लेप. सकाळ-संध्याकाळ खोबरे चावून खायचे. आणि मुख्य म्हणजे सुजेला वारा लागू द्यायचा नाही. मागचे दार त्यांनी स्वतः ओढून घेतले, अडसर घातला आणि वर पाटा टेकवला. "हे उघडलं त पाह्य," त्या म्हणाल्या. ताज्या हवेचा कार्यक्रम बंद पडला. वामनरावांनी निषेध केला, पण फुगलेल्या ओठांतून तो निषेध कोणाला समजला नाही.

पंधरा दिवस ते मधल्या खोलीत, बंद दाराआड पडून राहिले. रजा संपत आली. सुनंदाबाईंनी शालिग्रामच्या बरणीतली गोडंबी आणून गुपचूप लाडू केले. वामनराव ते स्वतःच्याच गोडंबीचे समजून समाधानाने खात. आणि एक चमत्कार हळूहळू त्यांच्या ध्यानात आला. पौषातली थंडी पडली होती आणि त्यांना सर्दी झाली नव्हती. नाक कोरडे ठणठणीत, घसा मोकळा. तीन वर्षांत पहिल्यांदा!

"बघितलंस?" ते म्हणाले. "लाडू. आणि प्रतिकारशक्ती."

सुनंदाबाई पुन्हा काहीतरी म्हणाल्या.

तपासणीच्या सकाळी सूज बरीच उतरली होती, पण बिब्याचे डाग काही जायला तयार नव्हते. परटाच्या खुणा धुतल्याने जात नाहीत, त्यातलाच प्रकार. वामनरावांनी कोटाच्या आत कागद घातले, वर मफलर गुंडाळला, हातात लाडवांचा डबा घेतला. निघताना त्यांची नजर फडताळावरच्या बिब्यांच्या पोतडीवर गेली. सुनंदाबाई स्वयंपाकघरात होत्या. गोदाबाई दिसत नव्हत्या. वामनरावांनी चटकन दोन्ही हात जोडले, पुटपुटले, "रामराम," आणि कोणी पाहिले नाही याची खात्री करून घराबाहेर पडले.

भोपाळहून आलेले साहेब मूळचे ग्वाल्हेरकडचे होते, चष्म्याच्या वरून पाहणारे, आणि त्यांच्या बोलण्यात गमतीला जागा नव्हती. त्यांनी सर्व्हिस बुक उघडले.

"वामन गिरधर महाजन?"

"जी साहब."

"मफलर हटाइए." मफलर सुटला. साहेब पुस्तकाकडे पाहत होते, मग वामनरावांकडे, मग पुन्हा पुस्तकाकडे. "पहचान चिह्न में लिखा है, बाएँ गाल पर एक तिल." त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने हवेतच मोजले. "यहाँ तो सात हैं."

"साहब, एक असली है," वामनराव म्हणाले, "बाकी बिब्ब्याचे हैं."

"कौन सा असली है?"

वामनरावांनी आठवून पाहिले. आयुष्यात त्यांनी आपल्या तिळाकडे कधी नीट पाहिलेच नव्हते. त्यांनी अंदाजाने एकावर बोट ठेवले. साहेबांनी भिंग मागवले, पाहिले आणि म्हणाले, "यह तो छिल रहा है."

मग अंगठ्याचा ठसा घेतला. अंगठ्याची कातडी बिब्याने गेली होती. कागदावर नुसता गोल काळा डाग उठला, जणू कोणीतरी शाईची दौत टेकवली. साहेबांनी सर्व्हिस बुक मिटले. "आप महाजन हैं, यह सिद्ध नहीं होता. मैं गैरहाज़िर लिखता हूँ."

वामनरावांच्या डोळ्यांसमोर बर्फाची बादली आली. कोटातले कागद कुरकुरले.

तेव्हा गजाननराव पुढे आले. गजाननरावांचे वामनरावांवर प्रेम होते अशातला भाग नाही; पण वामनराव गेले तर आवक-जावक आपल्या गळ्यात पडणार आणि सोळा वर्षांतला एकही कागद सापडणार नाही, हे ते जाणून होते. "साहब, यही महाजन है. हम सब पहचानते हैं."

"चेहरे से?"

गजाननरावांनी वामनरावांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्यांचा धीर सुटला. "चेहरे से... थोड़ा मुश्किल है."

"शिंकेवरून ओळखतो आमी, साब," दगा दाराशी उभा होता तिथून बोलला. "यांची छींक सारा गाव पहचानता. बाहेरच्या टांगेवाल्याले विचारा. दुसरा मानूस तशी छींकूच शकत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवले. सरकारी नोकरीत त्यांनी पुष्कळ पुरावे पाहिले होते. "छींकिए," ते म्हणाले.

सगळी कचेरी वामनरावांकडे पाहू लागली. वामनरावांनी नाक वर केले, डोळे मिटले, चेहरा आवळला. काही नाही. पुन्हा प्रयत्न केला. नाक मोकळे, घसा स्वच्छ, आवक शून्य. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची प्रतिकारशक्ती पूर्ण कामावर हजर होती.

दगाने तपकीर आणली. वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आले, शिंक आली नाही. गजाननरावांनी खिडकीतला ऊन-वाऱ्याचा पडदा उचलून सूर्याकडे पाहायला लावले. बाहेरून टांगेवाल्याला बोलावून त्याच्याकडून मिरची आणवली, ती हुंगून टांगेवालाच चार वेळा शिंकला, आणि साहेब म्हणाले, "इनका नाम क्या है? इनकी सर्व्हिस बुक है?"

वामनराव रडकुंडीला आले. एवढे लोक त्यांना शिंकायला सांगत आहेत आणि ते शिंकू शकत नाहीत, या अपमानापुढे भिंडही बरे वाटू लागले. शेवटी दगा म्हणाला, "बाबूजी, कानातला कापूस काढा. वात करून नाकात घाला."

वामनरावांनी मार्गशीर्षापासून बसवलेले बोळे प्रथमच उपसले. उघड्या दारातून वारा सरळ कानात शिरला. वात करायची वेळच आली नाही. दूर कुठेतरी ओंगण न घातलेले चाक कुरकुरू लागले. दगाने ग्लासवर तळहात ठेवला. गजाननरावांचे कोपरे कागदांवर टेकले. साहेबांना मात्र ही पद्धत ठाऊक नव्हती.

जे झाले त्यात सात फाइली, साहेबांचा चष्मा आणि कोटातून सुटलेला नेपानगरचा अर्धा भारा कचेरीभर पसरला. टांग्याकडे परतलेला टांगेवाला रस्त्यावरून ओरडला, "हे महाजनबाबूच!"

साहेबांनी चष्मा शोधून डोळ्यांवर ठेवला. खिन्नपणे म्हणाले, "पहचान हो गई." मग त्यांनी परिपत्रकाचे पान उलटले. "लेकिन अब आप बीमार हैं. बीमार भी शेष सूची में जाते हैं."

वामनराव खुर्चीत बसले. महाजन नाही म्हणून शेष, आणि महाजन आहे म्हणूनही शेष.

"साहब," गजाननराव खाकरून म्हणाले. हेडक्लार्क होते ते. अशा क्षणासाठीच त्यांना पगार होता. "परिपत्रक में बीमारी का सर्टिफिकेट माँगा है. सर्टिफिकेट नत्थी नहीं है. नत्थी नहीं तो बीमारी नहीं."

साहेबांनी परिपत्रक वाचले. पुन्हा वाचले. मग कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानाने लिहिले: 'उपस्थित. स्वस्थ.' आणि ओळखीच्या खुणेच्या रकान्यात 'एक तिल' खोडून सुवाच्य अक्षरात 'छींक' केले. वामनरावांची नेमणूक बऱ्हाणपुरात कायम झाली.

संध्याकाळी ते घरी आले ते जिंकून आलेल्या सरदारासारखे. सुनंदाबाईंना सगळे सविस्तर सांगितले: सात तीळ, तपकीर, टांगेवाला, चष्मा. सवयीने मागचे दार उघडले, पाटा बाजूला सारला, तापीकडे तोंड केले आणि म्हणाले, "खरं म्हणजे प्रतिकारशक्ती ही..." मग थांबले. कान मोकळे होते. घर अचानक आवाजांनी भरल्यासारखे वाटत होते. चुलीतले लाकूड तडतडत होते, गोदाबाई पलीकडे कोणाला तरी झापत होत्या, नि आपली बायको किती दिवसांत ऐकली नाही, हे त्यांना जाणवले.

"अगं, त्या दिवशी मी घोषणा केली ना," ते मायेने म्हणाले, "तेव्हा तू काहीतरी म्हणाली होतीस. रोजच म्हणत होतीस. काय म्हणत होतीस?"

सुनंदाबाईंनी भाकरी थापता थापता मान वर केली.

"तेच, जे आत्ता म्हणणार होते," त्या म्हणाल्या. "तेवढं दार लावून घ्या. गार वारा येतोय."